ग्वेल्फच्या शेतकी कॉलेजातून दिल्लीच्या वकिलातीत : जॉन केनेथ गालब्रेथ

अर्थशास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आकड्यांचे तक्ते आणि सामान्य माणसाला न कळणारी भाषा उभी राहते. आज ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही देत आहोत ते गुरांच्या गोठ्यातून अर्थशास्त्रात आले. पुढे ते अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले, पंडित नेहरूंचे मित्र झाले, गोव्याच्या मुक्तीच्या वेळी आणि चीनच्या आक्रमणाच्या वेळी दिल्लीत होते. त्यांचे नाव जॉन केनेथ गालब्रेथ. त्यांच्या आयुष्याची सुरुवात कॅनडातील एका खेड्यात आणि ग्वेल्फ नावाच्या एका लहान शहरात झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या बेटावरची मुले आता कॅनडात शिकायला जातात, तेव्हा हे नाव आणि हे गाव आपल्या घरांत माहीत असलेले बरे.

१५ ऑक्टोबर १९०८ रोजी ऑन्टारियो प्रांतात, ईरी सरोवराच्या उत्तरेकडील आयोना स्टेशन या वस्तीत त्यांचा जन्म झाला. त्या भागातले बहुतेक लोक मूळचे स्कॉटलंडचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांनी मेंढ्या चारण्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतली कित्येक कुटुंबे जहाजात बसून कॅनडाला गेली. जंगल तोडून त्यांनी शेते केली. आपल्या पूर्वजांची आठवण येथे येणे स्वाभाविक आहे. कोकणातली माणसेही मुंबई बंदरातून अशीच जहाजात चढली आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. पण एक फरक विसरता कामा नये. त्या स्कॉच कुटुंबांना गेल्या गेल्या जमीन मिळाली. कर्नल टॉल्बट नावाच्या अधिकाऱ्याच्या वसाहतीत एकेका कुटुंबाला पन्नास एकर मिळत असे. आपल्या माणसांच्या हाती मात्र गिरमिटाचा कागद पडला. स्वतःची दोन-चार एकर जमीन व्हायला आपल्याकडे एकदोन पिढ्या गेल्या.

गालब्रेथांचे वडील आर्ची आधी शिक्षक होते, मग शेतकरी झाले. शंभर-दीडशे एकरांची शेती, शॉर्टहॉर्न जातीची गुरे, आणि गावातल्या राजकारणात लिबरल पक्षाचे वजनदार नाव. शिक्षकी सोडून शेतीकडे गेलेला हा माणूस आम्हांला फार आवडतो, कारण घरी वर्तमानपत्र येई आणि संध्याकाळी त्यावर बोलणे होई. केनेथ शाळेत असतानाच आई वारली. मुलगा ताडमाड वाढला, पुढे त्याची उंची साडेसहा फुटांच्याही वर गेली. शेतावरच्या कामाबद्दल ते पुढे आयुष्यभर सांगत की ज्याने लहानपणी असे काम केले आहे, त्याला नंतरचे कोणतेच काम जड वाटत नाही.

१९२६ साली वडिलांनी त्यांना ग्वेल्फला पाठवले. टोरंटोच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरांवर असलेले हे शहर १८२७ मध्ये जॉन गॉल्ट नावाच्या स्कॉटिश कादंबरीकाराने वसवले. लेखकाने शहर वसवावे ही गोष्ट तशी विरळाच. इंग्लंडच्या राजघराण्याचे एक जुने नाव त्याने शहराला दिले, म्हणून आजही त्याला राजनगरी म्हणतात. पिवळसर चुनखडीच्या दगडाच्या इमारती, दोन नद्यांचा संगम आणि टेकडीवर उंच मनोऱ्यांचे चर्च अशी त्याची शोभा आहे. पण शहराची खरी ओळख म्हणजे १८७४ मध्ये सुरू झालेले ऑन्टारियो ॲग्रिकल्चरल कॉलेज. शेतकऱ्यांच्या मुलांनी तेथे यावे, जनावरे, पिके आणि दूधदुभते यांचे शास्त्र शिकावे आणि परत शेतावर जावे असा हेतू. फी थोडी असे. पदवी टोरंटो विद्यापीठाची मिळे.

केनेथने विषय घेतला पशुसंवर्धन. उत्तम गाय कोणती, तिची पाठ कशी असावी, कोणते डुक्कर बाजारात वजन देईल, हे नुसत्या नजरेने ओळखण्याच्या स्पर्धा तेव्हा कॉलेजाकॉलेजांत होत, आणि ग्वेल्फच्या संघातून ते त्यासाठी शिकागोच्या मोठ्या पशुप्रदर्शनातही गेले होते. विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र काढण्यातही त्यांचा हात होता, आणि सेंट टॉमस गावच्या वर्तमानपत्रात शेतीवर ते स्तंभ लिहीत. हे लिहिणे पुढे फार कामी आले. इंग्रजी शिकवणाऱ्या अध्यापकांनी आपले लिखाण सुधारले, असे त्यांनी आपल्या आठवणींत मान्य केले आहे. बाकी कॉलेजाविषयी ते फारसे चांगले बोलले नाहीत. प्रसिद्ध झाल्यावर, १९६० च्या दशकात, त्यांनी एका अमेरिकन साप्ताहिकाला सांगितले की हे कॉलेज इंग्रजी बोलणाऱ्या जगात बहुधा सर्वांत वाईट असेल. ग्वेल्फच्या लोकांना ते लागले. आम्हांला वाटते, शिक्षकाने असल्या बोलण्याचा फार राग धरू नये. ज्या विद्यार्थ्याला आपण लिहायला शिकवले, तोच आपल्यावर चांगले लिहू शकतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ते ग्वेल्फमध्ये असतानाच १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. शेतमालाचे भाव घसरत घसरत अशा जागी आले की जनावर बाजारात नेण्याचा खर्चही सुटेना. केनेथच्या मनात प्रश्न उभा राहिला. आम्ही येथे चांगली गुरे कशी वाढवावी ते शिकतो आहोत, पण चांगल्या गुरांनाही गिऱ्हाईक नसेल तर हे शिकून काय करायचे? शेतकरी आळशी नाही, जमीन नापीक नाही, जनावर निकृष्ट नाही, तरी घरात दारिद्र्य. तेव्हा दोष कुठेतरी गोठ्याच्या बाहेर आहे. त्यांनी पशुसंवर्धन सोडले आणि शेतीचे अर्थशास्त्र धरले. १९३१ मध्ये ते पदवीधर झाले.

हा प्रश्न आपल्या बेटावरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या आजोबांनी ऊस कितीही जोमदार काढला तरी साखरेचा भाव काही त्यांच्या वाडीत ठरत नव्हता. १९५१ चा राष्ट्रकुलाचा साखर करार लंडनमध्ये झाला, १९७५ पासून युरोपचा साखर करार आला, आणि तो २००९ मध्ये संपला तेव्हाही निर्णय दूरच्या कचेऱ्यांतच झाला. पेरणारा एकीकडे आणि भाव ठरवणारा दुसरीकडे, ही गोष्ट ज्याला लहानपणीच दिसली तो माणूस पुढे कसे विचार करील हे ध्यानात घेतले, म्हणजे गालब्रेथांची पुस्तके सोपी वाटू लागतात.

कॉलेजाच्या पोस्टात एक जाहिरात लागली होती. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जियानिनी नावाच्या संस्थेकडून शेतीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासाला महिना ६० डॉलर मिळणार होते. मंदीत ही रक्कम लहान नव्हती. केनेथने अर्ज केला आणि ते गेले. बर्कलीत त्यांनी मधमाश्यांच्या धंद्याचा अभ्यास केला, मधाच्या बाजारावर लिहिले, आणि १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच साली हार्वर्डमध्ये नोकरी लागली. १९३७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, कॅथरीन ॲटवॉटर यांच्याशी विवाह केला, आणि नवरा-बायको वर्षभरासाठी इंग्लंडच्या केंब्रिजला गेली. जॉन मेनार्ड केन्स यांच्याकडे शिकावे हा हेतू होता. मंदीत सरकारने हात बांधून बसू नये, खर्च करून लोकांना काम द्यावे, असे केन्स सांगत. पण नेमके त्या वर्षी केन्स हृदयविकाराने आजारी होते. भेट झाली नाही.

ती भेट पुढे युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये झाली, आणि ती मोठी गमतीची आहे. १९४१ मध्ये सरकारने गालब्रेथांना भावनियंत्रणाचे काम दिले. वय तेहतीसही पुरे नव्हते. त्यांच्या कचेरीत एके दिवशी केन्स स्वतः, न बोलावता, एक कागद घेऊन आले. ज्या थोर पुरुषाला भेटायला गालब्रेथ समुद्र ओलांडून गेले होते, तोच दारात उभा. आणि कागद कशावर? मक्याच्या आणि डुकरांच्या भावावर! ग्वेल्फचे शिक्षण अगदीच वाया गेले नव्हते म्हणायचे.

भावनियंत्रण म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. युद्ध सुरू झाले की सरकार बंदुका, पोलाद, कापड, अन्न सारे विकत घेऊ लागते. लोकांच्या हाती मजुरीचा पैसा येतो, पण दुकानात माल नसतो. मग भाव चढतात, आणि गरिबाची चूल विझते. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला आणि एप्रिलमध्ये जवळजवळ सर्व वस्तूंच्या भावांवर मर्यादा घातली गेली. भावाचा आकडा आता कायद्याचा आकडा झाला, तो मोडणाऱ्याला शिक्षा. गालब्रेथ कायद्याचे पदवीधर नव्हते, पण त्या दोन वर्षांत त्यांच्या कचेरीतून निघालेल्या हुकमांखाली सगळ्या देशाची बाजारपेठ चालत होती. मुठभर माणसांनी सुरू झालेली कचेरी हजारोंची झाली. व्यापारी आणि कारखानदार अर्थातच खवळले. प्रत्येकाला दुसऱ्याच्या मालाचा भाव बांधलेला हवा होता, स्वतःच्या नव्हे. मे १९४३ च्या अखेरीस गालब्रेथांना जागा सोडावी लागली.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी फॉर्च्युन या व्यापारी मासिकात काम केले. १९४५ मध्ये जर्मनीवर झालेल्या बॉम्बवर्षावाचा परिणाम तपासणाऱ्या मंडळावर ते होते. १९४४ च्या मध्यापर्यंत, शहरे उद्ध्वस्त होत असतानाही, जर्मनीचे शस्त्रोत्पादन वाढतच होते असे आकड्यांवरून निघाले. विमानदलाच्या सेनापतींना हे आवडण्यासारखे नव्हते. गालब्रेथांनी ते लिहिले. त्याचा सूड असा की हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद देताना विद्यापीठाच्या काही वरिष्ठांनी अडवणूक केली. १९४९ मध्ये पद मिळाले आणि मग ते जन्मभर हार्वर्डचेच राहिले.

त्यांच्या पुस्तकांपैकी १९५२ चे अमेरिकन भांडवलशाहीवरचे पुस्तक आपल्याला जवळचे वाटेल. बाजारात एका बाजूला मोठी सत्ता उभी राहिली तर तिला आवरायला दुसऱ्या बाजूलाही सत्ता उभी राहावी लागते, असे त्यात सांगितले आहे. मोठ्या कंपनीसमोर मजुरांची युनियन, मोठ्या खरेदीदारासमोर शेतकऱ्यांची सहकारी संस्था. एकटा शेतकरी भाव मागू शकत नाही, हजार शेतकरी मागू शकतात. याचे चांगले उदाहरण आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातच आहे. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला, म्हणजे हे पुस्तक छापले जाण्याच्या आधीच. पुढे त्याच नमुन्यावर महाराष्ट्रात कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले, आणि त्यांतून नवे सत्ताधीशही निर्माण झाले, ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या बेटावर छोट्या लागवडदारांच्या सहकारी पतपेढ्या १९१३ च्या कायद्यापासून आहेत, पण गिरण्या मात्र मोठ्या कोठ्यांच्याच राहिल्या.

१९५५ मध्ये १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यावर त्यांचे पुस्तक निघाले, ते आजही छापले जाते. प्रत्येक वेळी बाजार कोसळला की लोक ते पुन्हा वाचायला घेतात. १९५६ मध्ये प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आले. भारताची दुसरी पंचवार्षिक योजना तेव्हा सुरू होत होती. गरिबी कशामुळे टिकते यावर ते पुस्तक लिहायला बसले होते, पण भारत पाहून परत गेल्यावर त्यांना आपल्याच देशाची श्रीमंती विचित्र दिसू लागली. घरोघरी मोटार, पण रस्ते घाण, शाळा अपुऱ्या, नद्या दूषित. खासगी घरात सुबत्ता आणि सार्वजनिक जागेत दारिद्र्य. १९५८ मध्ये हा विचार घेऊन ‘द ॲफ्लुएंट सोसायटी’ हे पुस्तक आले आणि ते जगभर गाजले. शिक्षक म्हणून आम्हांला त्यातली शाळांची बाजू विशेष पटते. मुलाच्या हाती महागाचे यंत्र असते आणि त्याच्या वर्गाचे छप्पर गळत असते, हे चित्र आता सगळ्याच देशांत दिसते.

जॉन केनेडी हार्वर्डमध्ये विद्यार्थी होते तेव्हापासून गालब्रेथ त्यांना ओळखत. १९६० च्या निवडणुकीत त्यांनी केनेडींसाठी काम केले, आणि केनेडी अध्यक्ष झाल्यावर एप्रिल १९६१ मध्ये गालब्रेथ राजदूत होऊन दिल्लीत आले. मराठीत दूतावासाला वकिलात म्हणतात, कारण पेशव्यांच्या काळी परक्या दरबारात राहणाऱ्या प्रतिनिधीला वकील म्हणत. वकिलाचे काम म्हणजे आपल्या धन्याची बाजू मांडणे. पण चांगला वकील धन्याला हेही सांगतो की या दाव्यात आपली बाजू लंगडी आहे. गालब्रेथ दुसऱ्या प्रकारचे होते. परराष्ट्र खात्याला कळवायचे ते कळवून ते सरळ अध्यक्षांनाच लांब, मिस्कील पत्रे लिहीत. खात्यातले अधिकारी चिडत, केनेडी आवडीने वाचत.

नेहरूंशी त्यांचे सूत जमले. दोघांनाही इतिहासाचे वाचन आणि दोघांनाही कंटाळवाण्या माणसांचा कंटाळा. पण मैत्री एक आणि राज्याचे काम दुसरे, हे डिसेंबर १९६१ मध्ये दिसले. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता ४५१ वर्षे होती. सावंतवाडी, मालवण, रत्नागिरीकडून ज्यांचे पूर्वज आपल्या बेटावर आले, त्यांना गोवा म्हणजे शेजारचे घर. भारताने वर्षानुवर्षे वाटाघाटी मागितल्या, पोर्तुगालने गोवा हा आपला प्रांतच आहे असे म्हणून त्या नाकारल्या. सैन्य सीमेवर आले तेव्हा गालब्रेथांनी नेहरूंना थांबण्याची विनंती केली, काही महिने तरी द्या, आम्ही पोर्तुगालवर वजन टाकून पाहू म्हणून. त्याच वेळी ते वॉशिंग्टनला बजावत होते की वसाहतवादी पोर्तुगालच्या बाजूने अमेरिकेने उभे राहणे ही घोडचूक होईल. दोन्हीकडे त्यांचे ऐकले गेले नाही. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य आत गेले, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली, ती गालब्रेथांना मुळीच आवडली नाही. अमेरिकेला अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा होता आणि ती बेटे पोर्तुगालची होती, हे त्या टीकेमागचे एक साधे कारण. थांबा ही त्यांची विनंती आमच्या मते व्यर्थच होती, कारण सालाझार काही महिन्यांत बदलणारा माणूस नव्हता. पण राजदूताने आपल्या सरकारला तोंडावर चूक म्हणावे, हे सोपे नसते.

व्हिएतनामच्या बाबतीतही असेच. नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडींच्या सांगण्यावरून ते दिल्लीला परतताना सायगावला थांबले. तेथले सरकार लोकांना नकोसे झाले आहे, येथे अमेरिकन सैन्य पाठवाल तर फसाल, असे त्यांनी कळवले. १९६२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा लिहिले की भारतासारख्या देशाच्या मध्यस्थीने समझोता करावा. व्हिएतनामवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, म्हणून ही सूचना अगदी व्यवहार्य होती. ती बाजूला पडली. पुढे १९६८ पर्यंत तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक गेले. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले, आणि व्हिएतनामी किती मेले त्याची गणती लाखांत होते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हिमालयात हल्ला केला. गालब्रेथ त्या दिवशी लंडनमध्ये होते, धावत दिल्लीला आले. पण वॉशिंग्टनमध्ये कुणाला वेळ नव्हता. त्याच आठवड्यात क्युबात रशियाची क्षेपणास्त्रे सापडली होती आणि जग अणुयुद्धाच्या काठावर उभे होते. म्हणून काही दिवस भारतातली अमेरिकेची धोरणे जवळजवळ एकट्या राजदूताने ठरवली. मॅकमोहन रेषा हीच खरी सीमा आहे असे अमेरिकेच्या वतीने त्यांनी जाहीर केले. याआधी अमेरिकेने हे इतके स्पष्ट म्हटले नव्हते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन शस्त्रे विमानाने येऊ लागली. भारताने मान खाली घालून मागितली असे दिसू नये, याची काळजी त्यांनी घेतली. पण सेला पडले, बोमडिला पडले. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना लढाऊ विमानांची डझनभर पथके मागणारे पत्र लिहिले, ते पुष्कळ वर्षे गुप्त राहिले. २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःहूनच युद्ध थांबवले.

कृष्ण मेनन यांनी त्याआधी मंत्रिपद सोडले होते आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना बोलावले गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असे मराठी माणूस तेव्हापासून अभिमानाने सांगत आला आहे. चव्हाण संरक्षणमंत्री झाले तो दिवसही २१ नोव्हेंबरचाच. म्हणजे सह्याद्री पोचला तेव्हा तोफा थंड झाल्या होत्या. पण मोडलेले सैन्य पुन्हा बांधण्याचे काम पुढे होते, आणि ते चव्हाणांनी केले.

या युद्धात भारताने आपले लढाऊ विमानदल वापरले नाही. ते वापरू नये असा सल्ला देणाऱ्यांत गालब्रेथही होते. चिनी विमाने उलटून कलकत्त्यावर आणि उत्तरेच्या शहरांवर आली तर त्यांना अडवायला पुरेशी साधने नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पुढे भारतातल्या कित्येक सेनानींनी आणि अभ्यासकांनी हा सल्ला चुकीचा होता असे लिहिले आहे. तिबेटातल्या उंच धावपट्ट्यांवरून चिनी विमानांना पुरेसा भार घेऊन उडणे अवघड होते, असे ते दाखवतात. आम्हांला त्यांचे म्हणणे अधिक पटते. बॉम्बवर्षावाने जर्मनी कशी थांबली नाही हे ज्याने स्वतः मोजले होते, त्याने चिनी बॉम्बची इतकी भीती बाळगावी, हे जरा नवलच. तरी निर्णय अखेर भारत सरकारचा होता, आणि त्याची जबाबदारी परक्या देशाच्या राजदूतावर टाकून मोकळे होता येत नाही.

बोकारोचा पोलाद कारखाना अमेरिकेच्या मदतीने उभा राहावा म्हणून त्यांनी फार खटपट केली. कारखाना सरकारच्या मालकीचा, म्हणून अमेरिकन काँग्रेसमधल्या पुष्कळांना तो नको होता. १९६३ मध्ये भारताने स्वाभिमानाने आपली विनंती मागे घेतली आणि बोकारो शेवटी रशियाच्या मदतीने झाले. कानपूरच्या आय. आय. टी. ला मात्र अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचे साहाय्य मिळाले आणि १९६३ मध्ये तेथे संगणक आला. भारतात संगणकाचे शिक्षण जेथे लवकर रुजले अशा जागांपैकी ती एक. दिल्लीत असताना त्यांना पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांची गोडी लागली. मोहिंदरसिंग रंधावा यांच्याबरोबर त्यांनी भारतीय चित्रकलेवर पुस्तकही लिहिले, ते १९६८ मध्ये निघाले. रंधावा हे प्रशासक आणि शेतीचे जाणकार. दोन शेतीवाल्यांनी मिळून राधाकृष्णाच्या चित्रांवर लिहिलेले पुस्तक म्हणून ते आम्हांला मोठे मौजेचे वाटते.

जुलै १९६३ मध्ये ते हार्वर्डला परतले. चार महिन्यांनी केनेडींची हत्या झाली. त्यानंतर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्यांनी उघड आघाडी घेतली आणि अध्यक्ष जॉन्सन यांची मैत्री गमावली. १९७२ मध्ये ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, १९७७ मध्ये बी. बी. सी. वर त्यांची मालिका झाली. नोबेल मात्र मिळाले नाही. विद्यापीठांतले अर्थशास्त्र तोवर गणिताच्या भाषेत बोलू लागले होते आणि गालब्रेथ साध्या वाक्यांत लिहीत. पुष्कळ जाणत्या मंडळींना त्यांचे विचार सैल वाटत, आणि मोठ्या कंपन्या बाजाराला कायमच्या वाकवतील हे त्यांचे भाकीत सर्वस्वी खरे ठरले नाही. त्यांनी ज्या कंपन्या अजिंक्य मानल्या त्यांतल्या काही पुढे जपानी मोटारींपुढे गुडघे टेकत्या झाल्या.

ग्वेल्फमध्ये १९६४ साली शेतकी कॉलेज, पशुवैद्यक कॉलेज आणि मॅकडॉनल्ड संस्था एकत्र करून विद्यापीठ झाले. आज त्या विद्यापीठात देशोदेशीची मुले आहेत. गालब्रेथांना कॅनडाने १९९७ मध्ये आपला राष्ट्रीय सन्मान दिला, अमेरिकेने २००० मध्ये दुसऱ्यांदा स्वातंत्र्यपदक दिले, आणि भारताने २००१ मध्ये पद्मविभूषण. २९ एप्रिल २००६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले.

दिल्लीतल्या दिवसांची त्यांची रोजनिशी १९६९ मध्ये छापली गेली, ती जाड आहे पण हसू आणणारी आहे. ज्यांना एवढा वेळ नसेल त्यांनी आयोना स्टेशनच्या स्कॉच शेतकऱ्यांवर त्यांनी १९६४ मध्ये लिहिलेले लहानसे पुस्तक मिळवावे. त्यात काटकसरी म्हातारे आहेत, कुंपणावरून होणारी भांडणे आहेत, दारूचे गुत्ते आहेत आणि मुलांना बेदम मारणारा एक शाळामास्तरही आहे.